शेवटच्या कडव्यातलं नाव

संघदीप मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याले दर वर्षी काहीतरी नवीन सुचते. यंदा त्याले मी सुचलो.

मार्च सरत आलता. मी ओसरीत पंख्याखाली बनियनवर बसून होतो, अन् हा मोटरसायकल दारात आडवी लावून थेट आत. "काका, यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीले तुमचा सत्कार हाये. अन् तुमच्या गाण्याईचं पुस्तक काढून राह्यलो आपण. 'लोककवी रवी पाईकराव यांची गाणी'. दहा तारखेले प्रेसमध्ये गेलं पाह्यजे."

लोककवी म्हटल्याबरोबर आतून नलू खोकलली. नलू माही बायको. चाळीस वर्साच्या संसारात तिचा कोणता खोकला खरा अन् कोणता मले टोचाचा, हे मले बरोबर समजते.

मी म्हटलं, "कायले बे हे सारं? एप्रिलच्या उन्हात शाल पांघरून मी काय करू?" पण खोटं कायले बोलू, मनात गुदगुल्या झाल्या. एस. टी.त कंडक्टर होतो, रिटायर होऊन सहा वर्सं झाली. निरोपाच्या दिवशी डेपोत एक नारळ भेटला. त्याच्यानंतर मले कोणी काही देलं नाही.

संघदीपनं कामं सांगतली. जुनी कॅसेट शोधून ठेवा, तिच्या कव्हराचा फोटो पुस्तकावर टाकू. गाणे टाइप करायले पायल येईन. "उकंडाकाकाची नात. यवतमाळले एम. ए. करते. शुद्धलेखन एकदम पक्कं हाये तिचं."

उकंडाचं नाव निघालं तसा मी उठलो अन् माठातलं गिलासभर पाणी पेलो. तहान नव्हती.

कॅसेटीची पेटी माळ्यावर होती. मी शिडी लावून चढलो तं नलू खाली उभी. "पडान तं लोककवीची तंगडी मोडन," म्हणे. पेटी खाली घेतली तं दोघंही धुळीनं माखलो. पत्र्याची पेटी, तीनशेच्या वर कॅसेटी, अन् पंधरा-सोळा वर्सात तिचं झाकण कोणी उघडलं नव्हतं. गाणे मोबाइलवर आले, मंग पेटीकडं कोण पाहते.

बाप्पा, काय काय निघालं तिच्यातून. कव्वालीच्या मुकाबल्याचे चार भाग, त्यातला तिसरा नाही. तो आमच्या गाण्याच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्या बाबारावनं नेला होता. त्यानं कधी कबूल केलं नाही, अन् तो मरेपर्यंत मी त्याले त्याच्यावरून बोलायचं सोडलं नाही. लालसिंग ड्रायव्हरनं देलेली बंजाऱ्याईच्या तीज सणाच्या गाण्याची एक कॅसेट निघाली. गोरबोलीतले ते गाणे मले अर्धेच समजत, पण पुसदच्या फेरीले रिकाम्या गाडीत आमी दोघं ते मोठ्यानं म्हणत जाऊ. एका बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेली कपाशीच्या खत-पाण्याची कॅसेट होती. विकतच्या अन् छापील कॅसेटीवर वरून काही भरता येत नाही, तिच्या पाठीवरचे दोन कान मोडलेले असतात. पण तिथच्या भोकावर चिकटपट्टी लावली की बिनधास्त भरता येते. मी तसंच करून त्या खत-पाण्यावर माह्या साळ्याच्या लग्नाचे गाणे भरले होते. इंग्रजी शिकवणारी एक निघाली, तिच्यावरचं प्लास्टिकही फाडलं नव्हतं.

"हे तुमी काहून घेतली होती?" नलूनं विचारलं.

मले आठवेना. माहीच पेटी अन् मीच तिच्यात पाहुणा.

टू-इन-वनचा, म्हंजे रेडिओ-टेपचा, पट्टा ढिला पडला होता. चौकातल्या रेडिओवाल्याकडून नवा आणला, हेडवर स्पिरिटचा कापूस फिरवला, बुरशी आलेल्या रिळा पेन्सिलीनं फिरवून मोकळ्या केल्या. तीन दिवस मी जेवणापुरता उठलो. एकेक कॅसेट लागे अन् मले कोणता बाजार, कोणता हंगाम, अंगात कोणता शर्ट, सारं आठवे. मी नलूले हाका मारमारून ऐकवत होतो. तीही येऊन बसत होती, खोटं नाही बोलत.

चौथ्या दिवशी आमची सापडली. 'टोपलं खाली ठेव'. कव्हरवर मी, मागून आणलेला कोट, समोर वाजवाची पेटी, मिशीले तेल. खाली छापलेलं: गीत आणि गायन, रवी पाईकराव. एकोणीसशे पंच्याण्णव साल. मी ते लावली अन् डोळे मिटून बसलो.

टोपलं खाली ठेव व माय, टोपलं खाली ठेव,
पोर लेहते नाव तुहं, पाटीकडं देख व.

आवाज काय होता बाप्पा माहा. तिकडं नलू भाकर थापता थापता गुणगुणत होती. या गाण्यानं मले नाव देलं. महागाव म्हणू नका, उमरखेड म्हणू नका, जयंतीच्या भोंग्यावर तीस वर्सं हे गाणं वाजून राह्यलं. आता पेनड्राइव्हवर वाजते, पण आवाज माहाच. लग्नात गेलो तं पोट्टे बोट दाखवत, ते पाहा, टोपलंवाले आबा.

मंग शेवटचं कडवं आलं.

अंगठा माही सही व माय, अक्षर आलं नाही,
सांगे हा रवी साऱ्याईले, शिकाची करा घाई.

मी कॅसेट बंद केली. भोंग्यावर हजार वेळा ऐकलं असन, पण तिथी माणसं असते, गडबड असते. घरात एकट्यानं बसून मी ते कडवं कधी ऐकलं नव्हतं.

आमच्याकडं गाण्याची एक रीत हाये. रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येते. त्याले छाप म्हणतात. गाणं गावोगाव जाते, कोणीही गाते, वही हरवते, कागद फाटते, पण छाप राहते. दुसऱ्याचं गाणं म्हणायले कोणाची मनाई नाही. छाप तेवढी जशीच्या तशी म्हणाची. भांडखोरातला भांडखोर गाणाराही ते पाळते.

अन् हे गाणं माहं नव्हतं. उकंडाचं होतं.

उकंडा माह्यापेक्षा सहा वर्सानं मोठा, आमच्याच जुन्या गावचा. ढाणकीच्या बाजारात हमाल होता. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकात चढता चढता तो गाणे रचे. पावलाचा ठेका तोच गाण्याचा ठेका. लेहता-वाचता येत नव्हतं, सारं डोक्यात ठेवे. सांजीले मी गावात आलो की त्याच्या आंगणात जाऊन बसू, तो म्हणे अन् मी लेहू. त्याच्या मायचे आधीचे तीन लेकरं गेले होते. हा झाला तं तिनं त्याले उकिरड्यावर टाकून परत उचललं, म्हणून नाव उकंडा. तो छाती फुगवून सांगे, "मरण मले वळखत नाही. त्याले वाटते हा कचरा हाये."

नागपूरले रेकॉर्डिंगले आमी दोघं जाणार होतो. त्याच्या पोराले कावीळ झाली अन् तो राह्यला. मी गेलो. पह्यल्यांदा म्हटलं तवा 'सांगे उकंडा'च म्हटलं. तं तिथला हार्मोनियमवाला हासला. "उकंडा? उकिरड्यावरचा का?" अन् मीही हासलो. त्याच्यासंगं मीही हासलो, हे मी आज पह्यल्यांदा कबूल करून राह्यलो. दुसऱ्यांदा लाल दिवा लागला तवा माह्या तोंडून निघालं, 'सांगे हा रवी'. मले कोणी सांगतलं नव्हतं. कंपनीच्या माणसानं तं विचारलंही नाही. उकंडा तीन अक्षराचा अन् रवी दोन, ठेका तुटे, म्हणून मधात 'हा' भरला. कव्हरवर काय छापाचं ते मंग मीच लेहून देलं.

घरी आल्यावर नलूनं विचारलं तं मी म्हटलं, "उकंडाभाऊनंच सांगतलं, तुहं नाव टाक. लोकाईले तूच दिसतं." हे मी तिले सांगतलं, बाबारावले सांगतलं, पार्टीतल्या साऱ्याईले सांगतलं. दहा-बारा वर्सं सांगतल्यावर मले ते दिसायले लागलं. उकंडा खाटेवर बसला हाये, बिडी हातात, अन् म्हणून राह्यला, रव्या तुहं नाव टाक. आईच्यान सांगतो, मले ते खरंच वाटत होतं.

उकंडा कधी भांडला नाही. कॅसेट ऐकली अन् म्हणे, "आवाज साफ आला." मंग पार्टीत येणं कमी झालं. दम लागते म्हणे. एकही नवीन गाणं त्यानं त्याच्यानंतर मले देलं नाही. लोकं मले विचारत, रवीभाऊ, दुसरं टोपलं कवा? मी म्हणे, नोकरीतून टाइम कुठी भेटते.

पायल आली ती पाच एप्रिलच्या दुपारी. बारीक पोरगी, चष्मा, उकंडासारखंच रुंद कपाळ. आल्याबरोबर "जयभीम आबा" म्हणून खाली सतरंजीवर बसली अन् लॅपटॉप उघडला. नलूनं तिले लिंबाचं सरबत देलं. कॅसेट लावत गेलो, ती लेहत गेली. 'टोपलं'च्या शेवटच्या कडव्यावर तिचे बोटं थांबले.

"रवी आबा, इथी 'अंगठा माही सही' असं हाये. तुमी तं कंडक्टर होते."

मी म्हटलं, "कवी दुसऱ्याच्या तोंडून बोलत असते. एम. ए.त शिकवत नाही का?"

"शिकवते. पण छापेत कसं दुसऱ्याच्या तोंडून बोलन? अन् हे 'हा' कायले हाये? बाकी गाण्यात एकही भरीचा शब्द नाही." चष्मा वर सरकवत ती म्हणे, "आजी म्हणते, हे गाणं आमच्या आंगणात झालं."

चोराच्या मनात चांदणं. माहा आवाज चढला. "मंग तुही आजी जे जे म्हणते ते पुस्तकात छापाचं का? मले शिकवाले आली का तू?"

पोरीनं लॅपटॉप मिटला. रागावली नाही. तिनं रागवाले पाह्यजे होतं. खाली पाहत म्हणे, "तसं नाही आबा. आमच्या आबाचं ध्यान आता राहत नाही. मी गाण्याचं विचारलं तं नुसते हासते. त्याईचं एकही गाणं त्याईच्या आवाजात आमच्याजवळ नाही. तुमच्याजवळ त्यावक्ताची एखादी कॅसेट असन तं पाहा. त्याईचं असन तं त्याईच्या नावानं छापू. ते आहेत तोवर."

"तसली कॅसेट माह्याजवळ नाही," मी म्हटलं. ती जयभीम करून गेली. सरबत अर्धं तसंच होतं.

नलू दारात उभी होती. "उकंडाभाऊनं तुमाले खरंच सांगतलं होतं ना?"

"हौ."

नलू या वक्ती खोकलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेटी पुरी रिकामी केली. शोधत होतो का नसल्याची खात्री करत होतो, मलेच माहीत नाही. बुडाशी जुना पेपर आथरला होता. त्याच्याखाली एक डबी. कव्वालीचा मुकाबला, भाग तिसरा.

मी ते हातात घेऊन बसून राह्यलो. बाबाराव बिचारा. वीस वर्सं मी त्याले चोर म्हटलं, त्याच्या पोरीच्या लग्नातही पंगतीत बसून टोमणा मारला. तो मेला तवा मौतीले गेलो, पण मनात होतंच, माहा तिसरा भाग घेऊन गेला.

डबीतली कॅसेट उलटी केली. पाठीवरच्या भोकावर चिकटपट्टी. पिवळी पडलेली, एका कोपऱ्यावर माह्या अंगठ्याचा ठसा. कव्वालीच्या छापील कागदावर माह्याच अक्षरात लेहलेलं होतं: तालीम, उकंडाचं आंगण.

नागपूरले जायच्या आधी कोरी कॅसेट भेटली नव्हती म्हणून मी कव्वालीवरच तालीम भरली होती. बाबारावनं काही नेलं नव्हतं. अन् ही पेपराखाली कशी गेली, मी लपवली का राहून गेली, हे मी कोणाची शपथ घेऊन सांगू शकत नाही. माह्या शपथेचं मोल काय हाये, ते पुढं समजन तुमाले.

लावली. आधी खरखर. मंग बकरी ओरडली, कोणीतरी हाडहाड केलं, अन् उकंडाचा आवाज आला. गळा काही खास नव्हता त्याचा. फाटका, जाडा, श्वास मधीच तुटे. पण पोतं घेऊन चढणाऱ्या माणसाचं गाणं तसंच पाह्यजे होतं. मी त्याच गाण्याले नागपूरले गोड करून ठेवलं. शेवटचं कडवं आलं. सांगे उकंडा साऱ्याईले. ठेका कुठी तुटला नाही, कुठी भर नाही. नाव आपल्या जागी बसलं होतं.

गाणं संपलं अन् कॅसेट चालूच राह्यली. त्या काळी मी बंद कराले विसरत असे.

उकंडा म्हणून राह्यला होता, "रव्या, पोराले अशा टाइमले सोडून मी येत नाही. तू जा. तुह्या गळ्यात हे शोभते. पण एक कर भाऊ. छाप हालवू नको. मले सही येत नाही. बाजारात अंगठा देतो, बँकेत अंगठा देतो. माही सही म्हणाल तं हे एवढीच हाये."

अन् मंग माहा आवाज. चौतीस वर्साचा मी, हासत. "येडा झाला का बे? तुहं नाव काढीन तं जीभ झडून जाईन माही."

खट्ट. त्याच्यापुढं कव्वाली सुरू झाली, जिथी भरायचं राह्यलं होतं तिथून.

जीभ काही झडली नाही. तीस वर्सं मी त्याच जिभेनं भाषणं केली, चहा पेला, बाबारावले चोर म्हटलं, काल एका पोरीवर खेकसलो. खाटेवर बसून बिडी ओढत 'तुहं नाव टाक' म्हणणारा तो उकंडा माह्या डोक्यात होता, तो या आंगणात कुठीच नव्हता. त्याले मीच रचला होता. तेवढं एक गाणं मात्र माहं सोताचं.

मागं पाह्यलं तं नलू चौकटीत. किती ऐकलं विचाराची गरज नव्हती. मले वाटलं आता बोलन, चांगलं चार लोकाईत ऐकू जाईन असं बोलन. तिनं गॅस बंद केला, आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. दिवसाढवळ्या नलूले निजलेलं मी बाळंतपणाशिवाय पाह्यलं नव्हतं.

सकाळी मी संघदीपले फोन केला अन् सांगतलं, सत्कार रद्द कर, अन् पुस्तक थांबव. तो "काय झालं काका, काय झालं?" करत राह्यला. म्हटलं, आधी एका माणसाले सांगतो, मंग तुले. टू-इन-वनमध्ये सहा नवे सेल टाकले, थैलीत घातला, अन् पह्यल्या ऑटोनं आमच्या जुन्या गावात गेलो. नऊ किलोमीटर. या रस्त्यानं मी किती वेळा आलो-गेलो, पण उकंडाच्या दारात पाय ठेवून मले आठ वर्सं झाली होती.

आंगण तेच. खाट लिंबाखाली. उकंडा बसून होता, अंगात धुतलेला सदरा, हात मांडीवर. देह निरा वाळून गेलता. पोत्याचा घट्टा पडला होता तो खांदा तेवढा जसाच्या तसा. माह्याकडं पाहून हासला, जसं कोणत्याही येणाऱ्याकडं हासावं. सुखीबाईनं, त्याच्या बायकोनं, पाणी आणून देलं. पायल आतून आली, मले पाहून थबकली.

मी बसलो नाही. बसलो असतो तं इकडंतिकडंचं बोललो असतो. उभ्या उभ्या म्हटलं, "पायल, मोबाइल चालू कर अन् भरून घे. 'टोपलं खाली ठेव' हे गाणं उकंडाभाऊचं हाये. मी त्याच्यापुढं शपथ घेतली होती अन् मीच छाप बदलली. मले कोणी सांगतलं नव्हतं. कॅसेटीतले अकराच्या अकरा गाणे त्याचे हायेत."

पायलनं मोबाइल माह्यापुढं धरला.

सुखीबाई खाली बसली होती. ती म्हणे, "आमाले काय नवीन सांगून राह्यले भाऊजी? त्यालेही माहीत होतं, मलेही."

"मंग बोलला काहून नाही?"

"मी लय म्हटलं, जाऊन भांड. तं म्हणे, नाही, रव्या सोताहून येईन. दर जयंतीले हा सदरा घालून बसे सकाळपासून. म्हणे आज सुट्टी असते त्याले, आज येईन." ती सदऱ्याकडं पाहत होती. "दोन वर्सं झाले, आता कोण येणार होतं हे त्याच्या ध्यानात नाही. सदरा तेवढा रोज मांगते."

मले तिच्याकडं पाहवलं नाही. मी खाली बसलो, टू-इन-वन खाटेवर ठेवला अन् कॅसेट लावली. खरखर, बकरी, हाडहाड. उकंडानं मान वर केली. सुखीबाईनं तोंडाले पदर लावला, कारण हाडहाड करणारी तीच होती.

गाणं सुरू झालं अन् उकंडाची बोटं मांडीवर ठेका धराले लागली. मंग ओठ हालले. मंग आवाज आला. कॅसेटीतला चाळिशीचा उकंडा अन् खाटेवरचा सत्तरीचा, दोघं संगं म्हणत होते. एक शब्द चुकला नाही. पायल रडत होती, हासतही होती, मोबाइल दोन्ही हातानं धरून. मले वाटलं, उशीर झाला पण पुरा झाला नाही. माणूस हाये, आवाज हाये, गाणं हाये, नाव आता त्याचं त्याले भेटते.

शेवटचं कडवं आलं. अंगठा माही सही व माय, अक्षर आलं नाही.

कॅसेटीतला उकंडा म्हणे, सांगे उकंडा साऱ्याईले.

खाटेवरचा उकंडा म्हणे, सांगे हा रवी साऱ्याईले.

मी घाईघाईनं कॅसेट मागं घेतली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. तीस वर्सं भोंग्यावर ऐकलं होतं बिचाऱ्यानं, दर जयंतीले, सदरा घालून. बाकी सारं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं, माही छाप तेवढी पक्की बसली होती.

मी त्याचा हात धरला. "भाऊ, उकंडा म्हण. सांगे उकंडा. तुहं गाणं हाये हे. तुहं नाव हाये तिथी."

त्यानं मान हालवली. लेकराले समजावून सांगावं तसं हळू सांगतलं, "नाही जी. हे रव्याचं गाणं हाये. माहा दोस्त. नागपूरले जाऊन म्हटलं त्यानं." अन् माह्या हातावर दुसरा हात ठेवून विचारलं, "तुमी वळखता का त्याले?"

पायल मोबाइल खाली घेऊन माह्याकडं पाहत होती. सुखीबाईही.

"वळखतो," मी म्हटलं.

"मंग सांगा त्याले," उकंडा म्हणे, "मी घरीच हाये म्हणा."